भातातल्या ढेकण्याचा वास

बा,

तुला ‘अहो’ म्हणावं असं एकदा मनात आलं होतं. शहापुरात माझ्या वयाचे लोक आपापल्या वडलांना अहोजाहो करतात, आणि चारचौघांत तुझा विषय निघाला की मीही ‘आमचे वडील म्हणायचे’ असंच बोलतो. पण तुझ्यासमोर बसून ‘अहो बाबा’ म्हटलं असतं तर तू मागं वळून बघितलं असतंस, हा कुणाशी बोलतोय म्हणून. तेव्हा तूच बरा. शिवाय तू गेलास तेव्हा ज्या वयाचा होतास त्या वयाला मी आता येऊन ठेपलोय. थोड्याच दिवसांत मी तुझ्यापेक्षा मोठा होईन, मग कोणी कुणाला अहो म्हणायचं हा एक नवाच वाद निघेल आणि तो मिटवायला तू नसशील.

लिहायचं कारण म्हणजे माझं नाक गेलं. जागेवर आहे, चष्मा त्याच्यावरच टेकतो, पण त्याला वास येत नाही. साथीच्या वर्षी मला ताप आला, पुढं तो गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. कळलं ते असं, की मी स्वयंपाकघरात टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो आणि हाताच्या अंतरावर शेगडीवर दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. तुझी सून अंगणातून धावत आली. “अहो, नाक आहे का काय आहे तुम्हांला?” मी नाकाला हात लावून बघितला आणि म्हटलं, “आहे.” ती चिडली. मग पातेल्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत खुर्चीवर बसली. चिडणं तिनं तिथंच सोडून दिलं, यावरून प्रकरण गंभीर आहे हे मला समजलं.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, वेळ लागेल. काहींचा येत नाही, हे त्यांनी दाराशी पोचल्यावर सांगितलं. मी महाविद्यालयात दरवर्षी संस्कृतातलं न्यायशास्त्र शिकवतो. त्यात पृथ्वीची ओळखच अशी सांगितलीय की जिला गंध आहे ती पृथ्वी. पाण्याला चव, उजेडाला रूप, वाऱ्याला स्पर्श, आणि गंध फक्त मातीचा. वास घेणारं इंद्रियही त्या शास्त्राप्रमाणं मातीचंच बनलेलं असतं. इतकी वर्षं मी हे फळ्यावर लिहून देतो आणि मुलं ते पाठ करतात, पण त्यात घाबरण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आता वर्गात तेवढं वाक्य आलं की मी खिडकीबाहेर बघतो. बाहेर पृथ्वी असते, पण शास्त्राप्रमाणं माझ्यापुरती तिची खूण पटत नाही.

बाकीचं सोसता येतं. अगरबत्ती नुसती धूर देते, कोथिंबीर नुसती हिरवी असते, आणि तुझ्या सुनेनं केलेल्या आमटीत हिंग कमी पडला की जास्त झाला यावर मला मत राहिलं नाही, त्यामुळं घरात शांतताही वाढलीय. पण एक दिवस आश्विनात, संध्याकाळी हात धुताना, माझ्या लक्षात आलं की तुझ्या बोटांचा वासही गेला. तुझा फोटो आपल्याकडं एकच आहे, आणि त्यात तू असा ताठ उभा आहेस की तो तूच आहेस हे मला दरवेळी स्वतःला सांगावं लागतं. तुझा आवाज कुठं धरून ठेवलेला नाही. जे होतं ते एवढंच, की भातात दूध भरायच्या दिवसांत कुठं तरी ढेकण्या चिरडला जायचा, तो उग्र वास यायचा, आणि तू यायचास. दरवर्षी येत होतास. मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय. आता तू येत नाहीस. तो वास मला परत हवाय, म्हणून गेला पावसाळा मी कसा घालवला ते तुला सांगतो.

त्या आधी तुला तुझीच गोष्ट आठवण करून देतो, कारण माणसं आपली गोष्ट विसरतात. उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताला लोंब्या आल्या, दाण्यात दूध भरलं, की ढेकण्या यायचा. लांब, सडपातळ, हिरवट-तपकिरी, काठीसारखे पाय. दाण्यात सोंड खुपसून दूध पिऊन टाकायचा. वरून लोंबी शाबूत आणि आत फोलपट. त्याच्यावर तुझा उपाय म्हणजे मुठे, ओहोळातले ते काळपट खेकडे. ते धरून आणायचे, ठेचायचे, गाडग्यात झाकून कुजू द्यायचे, मग चिंधीत बांधून काठ्यांना लटकवून भातात उभे करायचे. त्या घाणीवर ढेकण्या माशीसारखा जमतो. सकाळी थंडीनं तो सुस्त असतानाच जायचं आणि चिंधीवरचे सगळे रॉकेलच्या पाण्यात झटकायचे. ‘पावण्यांचं ताट’ म्हणायचास तू त्याला. तू ताट वाढायचास आणि मग पाहुण्यांना बुडवायचास. यजमान म्हणून तुझी कीर्ती त्यांच्यात फारशी चांगली नसणार.

मी आठवीत होतो त्या वर्षी धाकट्या काकांचं लग्न झालं होतं, आणि काकी घरात नवी होती. नव्या सुनेनं मोठ्या दिराशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, काही विचारायचं असेल तर आईच्या तोंडून. आपल्या गावात, वैशाखऱ्यात, तेव्हा सगळ्याच घरांत हे होतं, आपल्याच घरात होतं असं नाही. त्या संध्याकाळी आई शेजारच्या आळीत कुणाच्या बाळंतिणीला बघायला गेलेली. तू मुठे आणलेस, पडवीतल्या दगडावर ठेचलेस, गाडग्यात भरून वर झाकण ठेवलंस आणि बैलांकडं गेलास. काकीनं झाकण उघडून बघितलं. ताजे मुठे, तेही ठेचलेले. रश्शाला मुठे ठेचूनच घेतात. तिला विचारायचं तर होतं, पण विचारायचं कुणाला? तिनं वाटण वाटलं आणि चुलीवर चढवलं; आई परतली तोवर पानं वाढून झाली होती.

तू पहिला घास घेतलास आणि थांबलास. पडवीकडं बघितलंस, मग ताटाकडं. आम्ही सगळे जेवतोय. तू ताट चाटूनपुसून साफ केलंस, पाणी प्यायलास, आणि आईकडं बघून, पण दाराआड ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालास, “तिला सांग, रस्सा झ्याक झालाय. आनी हे पन सांग, का आज पावण्यांचं ताट आमीच जेवलो.” आईला काही कळेना. काका उठून पडवीत गेले, रिकामं गाडगं घेऊन आले आणि हसता हसता त्यांना इतका ठसका लागला की आईनं त्यांच्या पाठीत बुक्के घातले. दाराआडून बांगड्यांचा आवाज आला आणि काकी परसात पळाली. आई तिला समजवायला मागोमाग गेली, तर तू इथून, “रडू नको म्हनावं, ढेकन्यांना मी सांगतो काय ते.”

पुढं कितीतरी वर्षं तू हे सोडलं नाहीस. मुठे आणलेस की आईला सांगायचास, “तिला सांग, हे जेवायचं नाय.” एकदा काकीनं दाराआडूनच, आईला मध्ये न घालता, उत्तर दिलं, “मंग झाकन कशाला ठेवायचं? झाकन ठेवलं का बाईमानसाला वाटतं जेवन हाय.” तुझ्याशी ती थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. त्या दिवसानंतर गाडग्यावर झाकणाऐवजी पळसाचं पान असायचं.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या सकाळचं. ताट आम्ही जेवलो होतो, त्यामुळं चिंध्यांत भरायला काही उरलं नव्हतं. उजाडायच्या बेताला तू मला उठवलंस. “चल भटजी.” मी नुकतंच संस्कृत घेतलं होतं म्हणून तू मला भटजी म्हणायचास. आळीतली पोरं म्हणायची ती चिडवायला, तू म्हणायचास त्यात चिडवणं होतंच, पण आणखीही काही असावं. काय ते मी विचारायच्या आधी तू गेलास. आपण बांधावरून चाललोय. धुकं खाली उतरलेलं, लोंब्या दवानं वाकलेल्या. तू भातात शिरतोस, लोंबी हातात घेतोस, ढेकण्या चिमटीत धरतोस आणि चिरडतोस. मी पलीकडच्या ओळीत. माझा पाठ व्हायचा होता म्हणून मी शब्दांची रूपं मोठ्यानं म्हणतोय, आणि तू म्हणतोस, “म्हन, म्हन. ऐकून पळाले तर आपलं काम कमी.” थोड्या वेळानं, “भटजी, ढेकन्याला तुज्या संस्कृतात काय म्हन्तात?” मी म्हटलं, मत्कुण. खरं तर तो खाटेतला ढेकूण, भातातल्याला काय म्हणतात ते मला आजही सापडलेलं नाही. पण तू तो शब्द दोनदा उच्चारून बघितलास आणि पुढचा ढेकण्या चिरडताना म्हणालास, “ये मत्कुणराव.”

ऊन वर आलं आणि मला शाळेची घाई झाली. मी हात सदऱ्याला पुसले. तेवढ्यात तुझा हात आला, पाठीत. “शाळेच्या कपड्याला पुसतंस? मानसांत जायचं हाय तुला.” मग खांद्यावरचा पंचा काढून माझ्या अंगावर टाकलास. त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारचा मुलगा सरकत सरकत पार कडेला गेला, आणि गुरुजी दोनदा आमच्या ओळीशी थांबून हवेत नाक लावून गेले. तो वास साबणानं जात नाही, राखेनं जात नाही. कोथिंबीर चुरगाळून त्यात कुणीतरी रॉकेलचा थेंब टाकावा तसा. शास्त्रात गंधाचे दोनच प्रकार आहेत, सुगंध आणि दुर्गंध. हा कुठल्या खणात टाकायचा ते मला पुढं शास्त्र शिकूनही ठरवता आलं नाही.

त्या दिवसांत तुझ्या हाताला तोच वास असायचा. भाकरी मोडताना, बैलाच्या गळ्याखाली खाजवताना. माझं अंग तापलं की कपाळावर तू हात ठेवायचास आणि स्पर्शाआधी मला तोच जाणवायचा. तू बांधावरून घराकडं येत असलास की तुझ्या आधी तुझा वास यायचा, आणि चुलीपुढं बसलेल्या काकीचा हात आपोआप पदराकडं जायचा. मी ते बघायचो आणि मला त्याची गंमत वाटायची.

तू पौषात गेलास. मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो, निरोप मिळून पोचलो तोवर तुला आंघोळ घातली होती. मी तुझा हात धरला. त्याला चंदनाच्या साबणाचा वास येत होता. चांगला वास, कुणाच्याही हाताला यावा असा. मी तो हात हळूच खाली ठेवला, जसा परक्या माणसाचा आपण ठेवतो. भात केव्हाच कापून झालं होतं, आणि ढेकण्या शोधायला कुठं जावं हे मला त्या गर्दीत सुचलं नाही.

तर आता. तुला न भेटलेली तुझी एक नात आहे, ठाण्याला नोकरी करते, रविवारी घरी येते. तिनं कुठून तरी शोधून काढलं की नाकाला व्यायाम देता येतो. बाटल्या आणल्या. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाबपाणी. रोज सकाळी एकेक हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. आठवायचं काम मला जमतं, तेवढंच जमतं. बऱ्याच महिन्यांनी एक वास आला, तो फिनेलचा. मग महाविद्यालयाच्या जिन्याखालचा आला, त्याचं वर्णन मी तुझ्यासमोरसुद्धा करणार नाही. देवानं परत द्यायला सुरुवात केली ती या टोकाकडून, हे बघून मी बाटल्या बंद करणार होतो, तर पोरगी म्हणाली, “बाबा, तुम्हांला परत हवाय तो वास कुठला? एकच सांगा.” मी विचार न करता म्हटलं, “ढेकण्याचा.” ती हसायला लागली. “लोक मोगरा सांगतात, आंबेमोहोर सांगतात!” मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसणं थांबवलं. मी तिला सगळं सांगितलं, तुला सांगतोय तसंच.

पुढच्या रविवारपासून आम्ही ढेकण्यांच्या शोधात बाहेर पडायला लागलो. तिच्या मोबाइलला एक छोटं भिंग लागतं, त्यातून ती फोटो काढायची आणि मी हुंगायचो. शहापुराबाहेर टेकडीच्या पायथ्याला, मोगली एरंडाच्या कुंपणावर, ओहोळाच्या कडेला. बा, तुला सगळे ढेकण्याच. पण त्यांचं केवढं मोठं कुळ आहे! ढालीसारखी पाठ असलेले, सोंडेनं रस पिणारे, कुणी हिरवे, कुणी मातकट. एरंडावर एक असतो, दागिन्यासारखा, निळसर हिरवा, उन्हात फिरवला की रंग बदलतो. एकाच्या पाठीवर उलटं बघितलं तर माणसाचं तोंड दिसतं, डोळे, मिशा, सगळं, आणि ते आमच्या महाविद्यालयातल्या एका वरिष्ठांशी इतकं जुळतं की पोरीनं फोटो दाखवला तेव्हा मी आधी उभा राहिलो. पाण्यावर चालणारे त्याच कुळातले, झाडावर किर्र करून उन्हाळा डोक्यावर घेणारेही त्यांचेच चुलत. आणि एक असा, की तो आपल्याच भाऊबंदांत शिकार करतो. त्यानं माझं बोट फोडलं. पोरगी म्हणाली, “बाबा, तो चांगला आहे, तो अळ्या मारतो.” मी म्हटलं, ते त्याच्या वागण्यावरून दिसलं नाही.

ती म्हणते, भातातही असे असतात, अळ्या खाणारे, शेतकऱ्याच्या बाजूचे. तू त्यांनाही चिरडलंस. ‘ये मत्कुणराव’ म्हणून चिमटीत धरलेल्यांतले कितीतरी तुझ्याच तर्फेचे होते, आणि त्यांना तू एक शब्दही बोलू दिला नाहीस. हे तुला कुणी तरी सांगायला हवं होतं, म्हणून सांगतो.

मी एकेकाला हलकेच दाबायचो आणि नाकाशी न्यायचो. काही नाही. हिरव्याचं काही नाही, मातकटाचं काही नाही. पोरगी लांबून नाक मुरडायची, म्हणजे वास होता. एका शेंदरीच्या झाडावर पानाच्या उलट्या बाजूला एक केशरी मादी बसली होती, पाठीवर काळे ठिपके. पोरगी म्हणाली, ही अंड्यांवर बसलीय, पिल्लं निघेपर्यंत हलत नाही, खात नाही. मी पान जवळ ओढलं तर ती माझ्याकडं तोंड करून कलली आणि ढाल पुढं केल्यासारखी तशीच राहिली. हिला दाबलं असतं तर कदाचित तोच वास आला असता, असं मनात आलं. मी पान सोडून दिलं. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा झाड नव्हतं. तिथं सिमेंटचे खांब रोवून तार ओढलेली, आणि पाटीवर बंगल्यांचं चित्र. पोरगी खूप वेळ मोबाइल हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. जवळपास भात होतं, त्यात शिरलो, पण सकाळीच औषध मारलेलं. चिखलात मेलेली पाखरं होती. वास होता म्हणे.

मग काकीचा फोन आला. काका गेल्यापासून ती वैशाखऱ्याला मुलाकडं आहे. सगळी शेती मुलगा औषधावर करतो, पण घराशेजारचं एक खाचर तिनं स्वतःकडं ठेवलंय, खायच्या तांदळासाठी. आणि तिथं ती अजून मुठे लावते. गावात तेवढीच. “दूद भरलंय भातात,” ती म्हणाली. “पोरीनं सांगितलं मला तुज्या नाकाचं. ये हिकडं. नायतरी मुठे बांदाया कोन नाय, सगळ्यांना उलट्या होतात. तुला काय फरक पडतोय!”

मी स्कूटरनं गेलो, किन्हवलीवरून सरळगाव, तिथून घाटाकडं. काकी अंगणात मोकळ्या डोक्यानं बसली होती. पदराचा प्रश्न तिच्यासाठी कधीच संपलाय, घरात आता तिच्यापेक्षा मोठं असं माणूस उरलं नाही. तिनं गाडगं पुढं सरकवलं. वर पळसाचं पान होतं. तिचा नातू लांबूनच नाकाला रुमाल लावून पळाला, सून दार लावून आत गेली, आणि मी गाडग्यात हात घालून चिंध्या भरत बसलो, देवघरातली फुलं निवडावीत तसा निवांत. काकी नाकाला पदराचं टोक लावून बघत होती. “बरा उपेग झाला तुज्या शिकल्याचा.” मी म्हटलं, “काकी, शिकल्याचा नाही, आजारपनाचा.” माझ्या तोंडून ‘आजारपन’ असं ऐकून तिला बरं वाटलं असावं. ती म्हणाली, “पोटाला काय खाशील? रस्सा करू?” आणि आम्ही दोघांनीही गाडग्याकडं बघितलं. ती इतकी हसली की तिचे डोळे पुसायला मला हात पुढं करावासा वाटला, पण हात कुठं होता ते बघून मागं घेतला.

सकाळी उजाडताना आम्ही खाचरात गेलो. तेच धुकं, तसंच दव. चिंध्यांवर ढेकण्या लगडलेला, पण पूर्वीसारखा नाही, पाच-सहा काठ्या मोकळ्याच. काकी बांधावर बसली. मी एक चिमटीत धरला, लांबट, हिरवा, काठीसारखे पाय. डोळे मिटले. पोरीनं सांगितलं तसं आठवलं, पंचा आठवला, पाठीतला हात आठवला, बैलाचा गळा आठवला. दाबलं. बोटं नाकाशी नेली आणि श्वास घेतला. थंड हवा आत गेली आणि तशीच बाहेर आली.

“आला?” काकीनं विचारलं.

“नाय.”

“आजून एक घे. त्यांना काय कमी हाय?”

मी आणखी एक घेतला. मग आणखी. नंतर मी आठवायचं सोडून दिलं आणि नुसताच लोंब्यांमधून चिरडत गेलो, तू जायचास तसा, ओळ धरून. बोटं हिरवी, चिकट झाली. सूर्य डोंगरावर आला तसा ढेकण्या उडायला लागला आणि मी थांबलो. बांधावर येऊन काकीजवळ बसलो. मग माझं मनगट धरून तिनं हात आपल्याकडं ओढला, मुलाचा हात स्वच्छ आहे का बघावा तसा, आणि नाकाजवळ नेला.

हात तिनं लगेच झटकला. “शी! मेल्या, लांब कर. तुज्या बापासारका घाणतंस.” आणि हे म्हणता म्हणता तिचा दुसरा हात वर गेला आणि तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, पार कपाळापर्यंत. मान खाली गेली.

मी मागं वळून बघितलं. बांधावर कुणी नव्हतं. पलीकडच्या खाचरात तिच्या मुलाचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. काकीला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. तिनं पदर लगेच सोडला नाही. “बग,” ती म्हणाली, “हाताला सवय.” मग तशीच बसून राहिली, डोकं झाकून, माझ्याकडं न बघता, आणि थोड्या वेळानं हळू आवाजात, मला नाही, म्हणाली, “झाकन नाय ठेवलं मी.”

परत येताना सरळगावला चहा घेतला, कप डाव्या हातानं धरला. घरी पोचलो तर तुझ्या सुनेनं दारातच विचारलं, “कसला वास येतोय?” मी म्हटलं, मला काय विचारतेस. तिनं गाद्या उलट्या करून बघितल्या, ढेकूण झाले की काय म्हणून, दिवाणाच्या फटींत बॅटरी मारली. पोरीचा फोन आला, “बाबा, आला का?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “पुढच्या वर्षी परत जाऊ.” मी बरं म्हटलं. काकीचं वय तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. त्या खाचराचं पुढं काय होणार तेही.

हे पत्र कुठं धाडायचं हा प्रश्न नाही, धाडायचं नाहीच. लिहून झालं की उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवीन, तिथं कुणी हात घालत नाही. आत्ता तुझी सून घरभर खिडक्या उघडत फिरतेय. म्हणते वास जात नाही, सगळीकडं भरून राहिलाय, उशांनासुद्धा. म्हणजे तू आलायस; घरात तिला कळतंय, वैशाखऱ्याला काकीला कळलं, मीच तेवढा बसलोय. मघाशी तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, “हात धुतलेत ना नीट?” मी धुतले म्हणून सांगितलं.

धुतले नाहीत, बा.